स्कॉटलंडचा निकाल, दादरचा कौल

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते शाळेत आम्हाला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचं. मुंबईत हे कुणाला सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "नागरिकशास्त्राच्या?" गणिताच्या सरांचं ऋण लोकांना समजतं. इंग्रजीच्या बाईंचं तर फारच समजतं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी चिकटवलेली चार पानं, वीस मार्कांची, आणि ती परीक्षेला निघताना चपला शोधता शोधता वाचायची असतात, असा सगळ्या महाराष्ट्राचा समज आहे. आमच्या बाईंना हे कुणी कळवलं नव्हतं.

तालुक्याच्या गावातली आमची शाळा. बाकी वर्गांत मॉनिटर उंचीवरून ठरायचा. आमच्या वर्गात निवडणूक व्हायची. महाराष्ट्राचा नकाशा दोरीवर टांगून त्याच्या मागे उभं राहायचं, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि ती रिकाम्या डब्यात टाकायची. एका वर्षी मी उभा राहिलो आणि व्यवस्थित पडलो. जिंकलेल्या मुलाने लगेच जाहीर केलं की वर्गाला गृहपाठ नको आहे, हाच या निकालाचा अर्थ. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "तुला त्यांनी मॉनिटर केलंय. गृहपाठाचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं तर वेगळ्या चिठ्ठ्या आणा." वेगळ्या चिठ्ठ्या आणल्या असत्या तर गृहपाठ दणकून हरला असता, हे बाईंनाही माहीत होतं. पण कुणी आणल्या नाहीत.

दहावीनंतर वडील मला बाजार समितीत स्वतःबरोबर हमालीला नेणार होते. बाई तिथे गेल्या, वडील काम करत होते त्याच गाळ्यात एका पोत्यावर बसल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. मी पदवीधर झालो, आमच्या सगळ्या नात्यागोत्यात पहिला. पुढे राज्यशास्त्रात एम.ए. केलं. राज्यशास्त्रात एम.ए. झालेल्या माणसाला या देशात जी काही कामं मिळतात, त्यांतलं मुख्य काम म्हणजे आपल्याला न मिळालेली नोकरी इतरांना कशी मिळेल ते शिकवणं. ते मी दादरला करतो.

आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास एका जुन्या मंगल कार्यालयात भरतो. लग्नाच्या स्टेजवर फळा आहे. पंगतीच्या हॉलमध्ये अभ्यासिका आहे. शिक्षकांची खोली म्हणजे वधूपक्षाची खोली. दारावरची पाटी अजून काढलेली नाही, कारण काढली तर भिंतीचा रंग जाईल. वरपक्षाच्या खोलीत क्लासचे संचालक बसतात. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात, आम्हा बाकीच्यांना विषयाचं नाव लावून सर म्हणतात. मी 'पॉलिटी सर'. परळच्या भाड्याच्या खोलीतून चालत येतो, पॉलिटी म्हणजे राज्यव्यवस्था आणि चालू घडामोडी शिकवतो, आणि जगातल्या प्रत्येक घटनेचे चार पर्याय करतो. कुठे युद्ध पेटलं, कुठे सरकार पडलं, कुठे लोक रस्त्यावर आले, की माझ्या डोक्यात आधी तीन चुकीची उत्तरं येतात. हे कौशल्य समजलं जातं.

स्कॉटलंडच्या संसदेचे निकाल लागले तेव्हाही तेच झालं. ब्रिटनमधून वेगळं होऊन स्वतंत्र देश व्हावं असं म्हणणारा पक्ष तिथे पुन्हा पहिला आला, पण मतं निम्म्याहून कमी. साधारण दशकभरापूर्वी तिथे याच प्रश्नावर सार्वमत झालं होतं आणि तेव्हा 'नाही' जिंकलं होतं. पुन्हा सार्वमत घ्यायचं तर लंडनची संमती लागते, आणि लंडनला तशी घाई नाही. मी सराव परीक्षेसाठी प्रश्न काढला: स्वातंत्र्यवादी पक्ष सर्वांत मोठा ठरला, यावरून काय निष्कर्ष निघतो? पर्याय एक, जनतेने स्वातंत्र्याला कौल दिला. दोन, स्वातंत्र्याची चळवळ संपली. तीन, लंडनला सार्वमत घेणे बंधनकारक झाले. चार, केवळ निकालावरून यांपैकी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. उत्तर चार. मला फार समाधान वाटलं. बाईंनी वीसपैकी वीस दिले असते.

सरांनी उत्तरतालिका पाहिली आणि चारचा एक केला.

"मास्तर, चार नंबर सगळ्यात लांब आहे," ते म्हणाले. "पोरं डोळे झाकून लांब पर्याय मारतात. आणि 'निष्कर्ष काढता येत नाही' हे काय उत्तर झालं? पालक काय म्हणतील, की एवढ्या लांबून पाठवलं आणि क्लासला निष्कर्ष काढता येत नाही?"

"पण सर, बरोबर तेच आहे."

"मी स्कॉटलंड पाहिलंय," सर म्हणाले.

पाहिलंय, हे खरं आहे. युरोपच्या सहलीत बस तिथे एका किल्ल्यापाशी थांबली होती. किल्ल्यापुढचा सरांचा फोटो वरपक्षाच्या खोलीत लावलेला आहे. तिथल्या लोकांच्या डोळ्यांत त्यांना स्वातंत्र्याची आस दिसली होती, म्हणे. माझ्याकडे फोटो नसल्यामुळे विषय संपला.

ही सराव परीक्षा साधी नव्हती. मुख्य परीक्षेत आता पर्याय नसतात, पानंच्या पानं लिहावी लागतात. म्हणून सरांनी उत्तरलेखनाची खास बॅच काढली होती आणि सराव परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला तिच्यात फुकट जागा जाहीर केली होती. जागा म्हणजे तासांना बसणं, अभ्यासिकेत स्वतःची खुर्ची, आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला लिहिलेली उत्तरं निवृत्त अधिकाऱ्यांकडून तपासून मिळणं. गल्लीतल्या खांबांवर त्या फुकट जागेचे फलक लागले. फलकावर फुकट जागेपेक्षा सरांचा चेहरा मोठा होता, पण ते चालायचंच.

निकाल लागला. पहिला आला गिरगावचा एक जण, ज्याला क्लासमध्ये सगळे 'दादा' म्हणतात, कारण तिशी उलटली तरी तो परीक्षा देतोय आणि नव्या मुलांना पुस्तकं, झेरॉक्सवाला आणि वडापावची गाडी यांची माहिती तोच देतो. दुसरी आली वरळीच्या चाळीतली एक मुलगी. आजोबा गिरणीत होते, वडील एका बँकेत शिपाई. तिच्या घरी सरळ हिशेब ठरला होता: ही फुकट जागा मिळाली तर वर्षभर अभ्यास, नाही मिळाली तर हिंदमाताला मावशी साड्यांच्या दुकानात होती, तिथे काउंटरला उभं राहायचं. मावशीने शेठना सांगूनही ठेवलं होतं. दोघांच्या गुणांत फरक होता एका प्रश्नाचा. दादाने पर्याय एक लिहिला होता. तिने चार.

तिने हरकत नोंदवली. मोठ्या परीक्षांत उत्तरतालिका आली की उमेदवार हरकती घेतात, म्हणून आमच्याकडेही हरकतींची पेटी आहे. क्लास किती गंभीर आहे हे पालकांना दिसावं म्हणून ती प्रवेशद्वारापाशी ठेवली आहे. आजवर तिच्यात पंखा बिघडल्याच्या तक्रारी यायच्या. हिची हरकत कागदाच्या दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात लिहिलेली होती. सरांनी ती माझ्याकडे दिली. मी वाचली आणि म्हटलं, "सर, हरकत मान्य करायला हवी. उत्तर चार करू या. जागा तिला जाते."

सर हसले. "मास्तर, तुमच्या गावाकडे ठीक आहे. इथे फलक लागलेत, दादाचा फोटो छापायला गेलाय. आता उत्तर बदललं तर तो काय म्हणेल? आपण असं करू. लोकशाही आहे ना? वर्गालाच विचारू."

मला आधी ते विनोदाने बोलतायत असं वाटलं. पण ते स्टेजवर गेले, माईक हातात घेतला आणि भरल्या वर्गाला म्हणाले, "बाळांनो, स्कॉटलंडच्या प्रश्नावर वाद आहे. आपण कुणावर काही लादत नाही. मतदान घेऊ. हात वर करून."

"गुप्त नाही का सर?" वरळीची मुलगी उभी राहून म्हणाली.

"गुप्तला कागद लागतो, बेटा. झाडं वाचवा."

अशा रीतीने एका देशातल्या निवडणुकीचा अर्थ काय, हे ठरवण्यासाठी दादरच्या एका मंगल कार्यालयात निवडणूक झाली. राज्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मी ही पद्धत वाचलेली नाही. सर स्टेजवरून हात मोजत होते आणि हात वर करणारे आधी सरांकडे बघत होते. एक नंबरला सगळ्यात जास्त हात आले. चारला त्याहून थोडे कमी. दोन आणि तीनलाही बऱ्यापैकी. सरांनी माईक तोंडाजवळ नेला. "पर्याय एक विजयी. वर्गाचा स्पष्ट कौल!"

"सर, एकला निम्मेसुद्धा नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं.

"पण पहिला आला ना?"

"मग दोन, तीन, चार मिळून जास्त झाले की!"

"ते वेगवेगळे आहेत. त्यांची काय युती आहे?"

"करतो सर युती! आत्ता करतो!" हॉलमध्ये हसू फुटलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. स्कॉटलंडबद्दल दोन तास घेऊन जे मला शिकवता आलं नव्हतं, ते एका मतदानात सगळ्यांनी करून दाखवलं होतं. फक्त आपण काय करतोय ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरांच्या तर मुळीच नाही.

मुलगी अजून उभीच होती. "सर, मी एक विचारू? ज्यांनी एकला हात वर केला त्यांनी का केला, एवढंच विचारते."

"विचार ना. पारदर्शकता आहे आपल्याकडे."

तिने पहिल्याच रांगेतल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मी परीक्षेत एक लिहिलाय. माझा मार्क जाईल ना."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "याने केला म्हणून."

"मला भूक लागलीय यार," तिसरा म्हणाला. "एक नंबर आधी पुकारला, वाटलं लवकर संपेल."

तिने दोनवाल्यांकडे मोर्चा वळवला. एक उंच मुलगा म्हणाला, "चळवळ-बिळवळ मला माहीत नाही. या बाजूचा एसी महिनाभर बंद आहे. सर ज्याच्या बाजूने, त्याच्या विरोधात आपण." त्याच्या अख्ख्या रांगेने माना हलवल्या. म्हणजे बंद एसीमुळे स्कॉटलंडची चळवळ संपवणारे लोक आमच्याकडे निघाले.

मग ती दादाकडे वळली. "दादा, तुझा हात मला दिसला नाही."

दादा उठला. "मी चारला केला."

"अरे, पण पेपरात तू एक लिहिलंयस ना?" सर म्हणाले.

"पेपरात लिहिलं कारण सर, तुमच्याकडे मी पाच वर्षं आहे. तुम्हाला काय आवडतं ते मला कळतं. मार्क पाहिजे होता." तो मुलीकडे बघून म्हणाला, "उत्तर चारच आहे गं. पण जागा मलाही पाहिजे. हात खरा वर केला, जागा सोडत नाही. स्पष्ट सांगतो."

"नको सोडूस," ती म्हणाली. "मी मागतेय का तुझ्याकडे?"

एवढा प्रामाणिक संवाद त्या स्टेजसमोर पूर्वी झाला असेल असं मला वाटत नाही, आणि तिथे तर लग्नं लागायची.

सर अनुभवी आहेत. त्यांनी परिस्थिती ओळखून सुवर्णमध्य काढला. प्रश्न रद्द. कुणालाच त्याचा गुण नाही. टाळ्या पडल्या, कारण रद्द म्हटलं की आपल्याकडे न्याय झाल्यासारखं वाटतं. प्रश्न रद्द झाल्यावर दोघांचे गुण सारखे झाले. आणि गुण सारखे असले की वयाने मोठा आधी, हा आमच्या क्लासच्या माहितीपत्रकातला नियम. जागा दादाला. मुलीच्या हरकतीने उत्तर पाडलं, प्रश्न पाडला, आणि ती होती तिथेच राहिली.

मी सरांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो की हे बरोबर झालं नाही. ते ऐकत होते, पण त्यांच्या हातात तिच्या हरकतीचा कागद होता. बहुधा तेव्हाच त्यांनी तो पहिल्यांदा वाचला. तिने लिहिलं होतं: "पक्ष पहिला आला यावरून मागणी जिवंत आहे एवढे कळते. ती मान्य झाली असे कळत नाही. या पक्षाला मत देणाऱ्यांत असेही असतील ज्यांना स्वातंत्र्य नको, फक्त दवाखान्यात नंबर लवकर लागायला हवा. आणि मत न देणाऱ्यांत असेही असतील ज्यांना स्वातंत्र्य हवे, पण हा पक्ष नको. निकालाने चळवळीला बोलत राहण्याचा हक्क मिळतो. बाकीचे तिला बोलूनच मिळवावे लागते."

"मास्तर, हे तुम्ही लिहून दिलंत?"

"नाही सर. मला एवढं नेमकं जमत नाही."

सरांच्या चेहऱ्यावर किल्ल्यासमोरच्या फोटोतला भाव आला. "हे आपल्या क्लासच्या मासिकात छापू. आदर्श उत्तर. क्लासतर्फे." नव्या बॅचला दाखवायला त्यांच्याकडे अजून एकही आदर्श उत्तर नव्हतं, कारण आम्हा सगळ्या शिक्षकांचं आयुष्य पर्यायांत गेलेलं.

मुलीला बोलावलं. ती आली ती बॅग खांद्याला लावूनच, घरी जायच्या तयारीने. सरांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि छापायची परवानगी मागितली, म्हणजे छापणार असल्याचं सांगितलं.

"छापा ना सर," ती म्हणाली. "पण आदर्श उत्तर लिहिणारी साड्या दाखवायला उभी, आणि शिकायला दुसरेच, असं बरं दिसेल का? हिंदमाताला तुमचे बरेच विद्यार्थी येतात. विचारतील मला."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघितलं. मला फार आनंद झाला होता आणि तो दिसू द्यायचा नव्हता.

वाटाघाटी बऱ्याच चालल्या. अभ्यासिकेची खुर्ची? नाही, खुर्च्या मोजून आहेत. तासांना बसणं? ठीक आहे, मागच्या रांगेत. नोट्स? त्या मिळतील. उत्तरं तपासून? इथे सर अडले. निवृत्त अधिकारी प्रत्येक वहीमागे मानधन घेतात. फुकट जागा एकच जाहीर झाली आहे, दुसरी वही तपासली तर उद्या अख्खा वर्ग वह्या घेऊन येईल. "आणि मास्तर," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तुम्हीपण गुपचूप तपासायची नाही. क्लासच्या कुठल्याही शिक्षकाने तपासायची नाही. नियम म्हणजे नियम."

मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, स्वातंत्र्य नाही. स्वायत्तता मिळाली."

"हुशार आहेस," सर म्हणाले.

"तपासणीचा मुद्दा मी सोडलेला नाही," ती म्हणाली. "तो पुढच्या वेळी घेईन."

बाहेर जिन्यात तिने घरी फोन लावला आणि सांगितलं की वर्षभर अभ्यास करायचा आहे, अर्धी जागा मिळाली आहे. पलीकडून आईने अर्धी म्हणजे काय असं विचारलं असावं, कारण ती बराच वेळ समजावत होती. शेवटी म्हणाली, "मावशीला सांग, आत्ता नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, न तपासता लिहून काय उपयोग? चूक कोण सांगणार?"

"पहिलं उत्तर लिहून माझ्याकडे आण," मी म्हणालो. तिने वही आणून दिली त्या दिवशी परळला खोलीवर आल्यावर मी पत्र लिहिलं. ते असं:

"बाई, नमस्कार. तुम्ही फोन घेत नाही आणि घेतलात तर 'पत्र लिही' म्हणता, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. आई-वडील महिनाभर इथे राहून गेले. वडिलांना मुंबई आवडली नाही, पण माझा फळा आवडला.

एक काम आहे. सोबत माझ्या एका विद्यार्थिनीची उत्तरवही पाठवत आहे. प्रश्न असा आहे की निवडणुकीत यश मिळाल्यावर एखाद्या स्वातंत्र्य चळवळीपुढच्या अडचणी कमी होतात की वाढतात. तिने 'वाढतात' असं लिहिलं आहे. मला ते पटलं, पण माझं पटणं इथे धरलं जात नाही. आमच्या क्लासच्या कुठल्याही शिक्षकाने तिची वही तपासायची नाही, असा हुकूम आहे. हुकूम क्लासपुरता आहे. तुमच्या गावावर आमच्या सरांची सत्ता नाही, हे मी नीट विचार करून पाहिलं आहे.

दर आठवड्याला एक वही येईल. पोस्टाचं मी बघतो. तुम्हाला निवृत्तीनंतर हा त्रास द्यायचा नव्हता, पण दुसरं कुणी आठवलं नाही. खरं म्हणजे दुसरं कुणी आठवून पाहिलंच नाही. तिचं अक्षर बारीक आहे, चष्मा लागेल. मार्क देताना दया दाखवू नका. कमी मार्क पडले तर ती रडत नाही, वाद घालते. तेव्हा जिथे कापाल तिथे का कापलं ते लिहा, नाहीतर पुढच्या पाकिटात दोन्ही बाजूंनी लिहिलेली हरकत येईल.

तुमचा विद्यार्थी."